वाघाच्या पुस्तकाची पत्रं

केळझर
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय सुरभीताई,

नमस्कार. ही बया फोन सोडून पत्र काय लिहीत बसली, असं म्हणाल. पण फोनवर तुमचा आवाज आला की बाबा तो माझ्या हातातून घेतात. मग कपाशी, पाऊस, शेजारच्यांची व्यालेली म्हैस, सगळं सांगून होतं आणि फोन माझ्याकडे येईपर्यंत तुमची मीटिंग सुरू झालेली असते. मला जे विचारायचं आहे ते सावकाश विचारायचं आहे.

आमच्या शाळेला वाचनाची पुस्तकं मिळणार आहेत. चार स्तर आहेत, पहिला सगळ्यांत सोपा. यादी आली आहे आणि त्यातून आपल्याला हवी ती निवडून कळवायची आहेत. हेडसर म्हणतात, "मॅडम, चौथ्या स्तराची जास्त घ्या. जाड पुस्तकं कपाटात बरी दिसतात. कोणी भेटीला आलं तर दाखवता येते." माणूस चांगला आहे, शाळेसाठी झटतो. पण पहिली-दुसरी माझ्याकडे आहे आणि ती जाड पुस्तकं माझी मुलं हातात धरून नुसती बसतील.

ही शाळा टेकडीपलीकडे, जंगलाच्या बाजूला. तुमच्या लहानपणी तिकडे शाळाच नव्हती म्हणे. निम्मी मुलं शेतकऱ्यांची, निम्मी गोंडांची. त्यांच्या घरी त्यांची भाषा. पहिलीत सोनू नावाची एक मुलगी आहे, टिकारामभाऊंची. जूनमध्ये आली तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. आता बोलते, पण पुस्तकातली मराठी तिला अजून परकीच आहे. तशी ती वर्गातल्या कार्तिकलाही परकीच, तो तर अस्सल केळझरचा!

तुम्ही गेली कित्येक वर्षं तिकडे पुण्यात हीच पुस्तकं तयार करता. तेव्हा सांगा, पहिल्या पुस्तकात काय बघायचं? नुसतं नाव आणि चित्र पाहून निवडायला मला भीती वाटते.

ओवी कशी आहे? तिसरीत गेली ना? तुमच्या घरची मुलगी, ती तर आता जाडजूड पुस्तकं फस्त करत असेल. तिच्या जुन्या पुस्तकांतली काही नको असतील तर माझ्या मुलांसाठी ठेवा.

बाबा मजेत. तुमचे भाऊ नेहमीसारखे, म्हणजे सेलूला कामाला गेले की तिकडचेच होतात.

तुमची,
वर्षाली


पुणे
२४ ऑगस्ट २०२४

प्रिय वर्षाली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. हेडसरांचं कपाट ऐकून सगळे हसले, पण खरं सांगू, निम्म्या शाळा अशीच निवड करतात.

आता ऐक. पहिल्या स्तरात एका पानावर एकच ओळ हवी. अक्षर ठसठशीत, दोन शब्दांत मोकळी जागा. जोडाक्षर शक्यतो नकोच. तोच शब्द पुन्हा पुन्हा यायला हवा, म्हणजे मूल तिसऱ्या पानावर त्याला ओळखून हाक मारतं. चित्रात जे आहे तेच ओळीत हवं. रंगीबेरंगी चित्रं बघून भुलू नकोस. पान उघड, चित्र हातानं झाक आणि ओळ वाच. ती ओळ मुलाच्या तोंडची वाटली तर घे.

हेडसरांना सांग, चौथा स्तर थोडा घेऊ. पण पहिला आणि दुसरा भरपूर, आणि एकेका पुस्तकाच्या दोन-तीन प्रती, म्हणजे मुलं शेजारी बसून वाचतील. पार्सलमध्ये आमच्याकडची काही पाठवते आहे, आधी वापरून बघ. त्यातलं वाघाचं माझं आहे. आम्ही मुखपृष्ठावर लेखकाचं नाव घालत नाही, पण माझं आहे. बरंच गाजलंय.

ओवी छान आहे. तिला चित्रकलेचं फार वेड. पुस्तकं तर घरात सगळीकडे पडलेलीच असतात.

तुला एक विचारू? माझ्या ओळखीच्या एका शाळेत एक मुलगी आहे, तिसरीतच. हुशार आहे. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगते. अक्षरंही सगळी येतात. पण पुस्तक समोर ठेवलं की कधी तहान लागते, कधी पोट दुखतं. सोपं पुस्तक दिलं तर म्हणते, हे बाळांचं आहे. तिच्या वयाचं दिलं तर उघडत नाही. तुझ्या वर्गात असं मूल आलं तर तू काय करशील? मी पुस्तकं करते, पण वर्गात उभी राहिले त्याला खूप वर्षं झाली.

बाबांना नमस्कार. त्यांना सांग, मी फोन करते.

तुझी,
सुरभीताई


केळझर
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय सुरभीताई,

पार्सल मिळालं. आधी तुमच्या वाघाचं सांगते. राग मानू नका.

मी पुस्तक उघडलं. वाघ आला. वाघ बसला. वाघ हसला. तुम्ही सांगितलेलं सगळं त्यात आहे. चित्र झाकून ओळ वाचली, ती पण छान वाटली. चित्रातला वाघ पोट धरून हसतोय. मी मोठ्यानं वाचलं आणि मुलं हसायची वाट पाहिली. वर्ग चिडीचूप.

मग सोनू म्हणाली, "मॅडम, वाघ हासत नाई. आमची गाय नेली त्यानं."

ताई, पोळ्याच्या आधीची गोष्ट आहे ती. टिकारामभाऊंची गाय जंगलाच्या कडेला चरत होती. गावात सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं. पुस्तक हातात घेताना माझ्या डोक्यातच आलं नाही. मी ते मिटून ठेवायला लागले, तर कार्तिक उठला. "मंग हा काऊन हासून राह्यला?" दुसरा म्हणाला, "त्याचं पोट भरलं असन." सोनू म्हणाली, "तो हासून नाई राह्यला. दात दाखवून राह्यला." आणि मग जो गोंधळ सुरू झाला! प्रत्येकाला आपला वाघ सांगायचा होता. मधली सुट्टी झाली तरी कोणी उठेना.

मला वाटलं, हे पुस्तक परत पाठवावं. पण रोज सकाळी तेच मागतात. भांडायला मागतात! 'हसला' या शब्दावर बोट ठेवून सोनू सांगते, "हे खोटं हाय." पण ताई, हे म्हणण्यासाठी तिला तो शब्द ओळखावा लागतो. वर्गात सगळ्यांत आधी ओळखलेला शब्द तिचा, 'हसला'. तिची आजी पंचफुलाबाई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "पोरगी घरी येऊन वाघाचंच सांगून राह्यली, मॅडम. काय शिकवता तुमी?"

नळाचं पुस्तक चाललं नाही. आमच्याकडे हातपंप. बकरीचं फार आवडलं.

आता त्या तिसरीतल्या मुलीचं. मला वाटतं, तिला वाचता येत नाही आणि ते कुणाला कळू नये म्हणून ती सगळी शक्ती लपवण्यात घालवते. पाठ करून सांगणारी मुलं हुशार असतात, म्हणून उशिरा सापडतात. घरच्यांचं कसं आहे बघा. अशा घरात बहुतेक आईला लाज वाटत असते. आई शिकलेली असेल तर जास्तच. ती मुलीला पुस्तकांवर पुस्तकं आणून देते, पण शेजारी बसून तिचं अडखळणं ऐकत नाही. त्या आईला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

तुमची,
वर्षाली


पुणे
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय वर्षाली,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कामं फार आहेत.

वाघाच्या पुस्तकाबद्दल लिहिलंस ते ऑफिसात कळवलं. सगळ्या गावांचा विचार करून पुस्तक करता येत नाही, पण लक्षात ठेवू. हेडसरांनी यादी पाठवली का?

त्या मुलीच्या आईला लाज वाटते असं तू लिहिलंस. मला नाही तसं वाटत. तिला भीती वाटते. दोन्ही वेगळं आहे, आणि दुरून ते कळत नाही.

दिवाळीला यंदा जमेलसं दिसत नाही. ओवीचे क्लास आहेत आणि मलाही सुट्टी नाही. बाबांना तू सांग. मी सांगितलं तर ते काऊन, काऊन करत बसतील.

सुरभीताई


केळझर
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुरभीताई,

दसऱ्याचं सोनं पाकिटात ठेवलं आहे, पोचेपर्यंत त्याचा चुरा होईल. तरी घ्या.

त्या मुलीबद्दल मी फटकळ लिहिलं. ज्या आईला कधी पाहिलं नाही तिला मी इथं बसून शिकवायला निघाले. तुमची भेट झाली तर माझ्याकडून तिची माफी मागा. आणि तिला म्हणावं, मुलगी हुशार आहे हे तिनं स्वतःच ओळखलं आहे, ते खरंच आहे.

यादी अजून पाठवलेली नाही. हेडसर आणि मी रोज एकेक पुस्तक कमीजास्त करतो.

दिवाळीचं बाबांना सांगितलं. ते काऊन म्हणाले नाहीत. म्हणाले, "तिले काम असन तर राहू दे. पोरीले पाठव म्हणा. क्लास कायचे दिवाळीत?" तुमचे भाऊ पुण्याला येऊन ओवीला घेऊन जातील, तिकिटाचं बघतात. तुम्ही फक्त तिचे कपडे भरा. पुस्तकं, वह्या काही देऊ नका. सुट्टीतही मी सकाळी तासभर टेकडीपलीकडे जाते, कारण मुलांना मोठी सुट्टी मिळाली की पहिलीची अक्षरं उडून जातात. ओवीला वाटलं तर येईल, नाहीतर बाबांबरोबर टेकडीवरच्या गणपतीला जाईल.

मी तुम्हाला काही विचारत नाही, ताई.

तुमची,
वर्षाली


पुणे
२० ऑक्टोबर २०२४

वर्षाली,

तुला कळलंय. ती ओवी आहे.

दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले, उशिरा वाचेल, काही मुलं उशिरा वाचतात. डोळे तपासले, चांगले आहेत. शाळेतल्या बाईंनी दोनदा बोलावलं. पहिल्यांदा मी त्यांच्यावरच चिडले. आणि आपल्या घरात कुणाला सांगायचं? बाबा गावभर सांगतात, माझी पोरगी लेकरांसाठी पुस्तकं लिहिते.

फेब्रुवारीत आमच्या नव्या संचाचा कार्यक्रम होता. कुणीतरी म्हणालं, सुरभीताईंच्या मुलीनंच एक गोष्ट वाचू दे. मी नाही म्हणायच्या आत ती स्टेजवर होती. पुस्तक उघडलं आणि घडाघडा वाचायला लागली. आवाज मोठा, हावभाव छान. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते. तिनं पुस्तक उलटं धरलं नव्हतं एवढंच, पण पान बकरीचं होतं आणि ती वाघाची गोष्ट म्हणत होती. रात्री झोपताना मी रोज म्हणत असे, ती. खाली उतरल्यावर ती माझ्याकडे बघत होती, मला कळलं का ते बघायला. मी तिला म्हटलं, "मस्त वाचलंस." वर्षाली, मी असं म्हटलं. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर पुस्तक हातात धरत नाही.

तू लिहिलेलं वाचून मी तीन-चार दिवस तुझ्यावर रागावले होते. शेजारी बसून अडखळणं ऐकत नाही, हे वाक्य. तू म्हणतेस तसा मुकेश तिला न्यायला येऊ दे. मी पाठवते तिला. तिला वाचायला लाव असंही म्हणत नाही, लावू नकोस असंही नाही. बाबांना तूच हळूच सांग, किंवा नको सांगूस. मला काहीच ठरवता येत नाही.

सुरभी


केळझर
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुरभीताई,

ओवी उद्या निघेल. ती घरी पोचल्यावर तुम्ही आधी तिच्याकडूनच ऐकाल, हे पत्र मागाहून येईल. फोनवर मी मुद्दामच काही बोलले नाही. सगळं गोड झालं असं मला लिहायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले दिवस ती बाबांच्या मागे. टेकडीवर चढली, पुऱ्या तळताना माझ्या पायात पायात केलं, अंगणात रांगोळी काढली ती शेजारच्या आनंदाबाईंनी येऊन पाहिली. दिवाळी झाल्यावर एक दिवस म्हणाली, "मामी, मी पण येते." मी तिला स्कूटीवर घेऊन गेले.

मुलं शाळेच्या ओट्यावर बसली होती. सोनूनं वाघाचं पुस्तक आणून सरळ तिच्या हातात दिलं. "ताई, तू वाचून दाखव ना." ओवीनं माझ्याकडे पाहिलं. मला मध्ये पडायचं होतं, पण मी पडले नाही. मला वाटलं, हे पुस्तक तर तिला पाठ आहे, निभावून नेईल. पण ती घाबरली होती. तिनं चित्र बघून स्वतःचंच सुरू केलं, "एकदा काय झालं, एक वाघ जंगलात फिरायला निघाला." सोनू वाकून पानात बघत होती. म्हणाली, "असं नाई लिवलं. 'वाघ आला' लिवलं हाय."

ओवीनं पुस्तक खाली ठेवलं आणि हातपंपापाशी जाऊन उभी राहिली. परत येताना स्कूटीवर माझ्या पाठीला डोकं लावून रडली. मला स्वतःचा फार राग आला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी आग्रह केला नाही.

त्या दिवशी दुपारी बाबांनी तिला विचारलं, "काय झालं व?" मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकत होते. ओवी म्हणाली, "आजोबा, मला वाचता येत नाही. ती पहिलीतली मुलगी वाचते." बाबा म्हणाले, "मंग तू सध्या तिच्या मागं हायेस. त्यात काय? मले बी चष्म्याबिगर एक अक्षर दिसत नाई." ताई, बाबांना हे असं कळलं. मी सांगितलं नाही. त्यांनी मला नंतर एवढंच विचारलं, "सुरभी यासाठीच येऊन नाई राह्यली का?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी ओवी माझ्याकडे आली. "मामी, ते पुस्तक घरी आण. सोनूला दाखवायच्या आधी मी नीट करते." तुम्ही लिहिलं होतंत की सोपं पुस्तक दिलं की ती म्हणते बाळांचं आहे. इथं ते बाळालाच वाचून दाखवायचं होतं, म्हणून तिला चाललं. आम्ही दोघी बसलो. पाठ होतं तेच बोट ठेवून, एकेक शब्द. 'बसला' आणि 'हसला' तिला सारखेच दिसतात. ओळ संपली की डोळा दुसरीकडेच जातो, म्हणून मी ओळीखाली कागदाची पट्टी धरली. मग बकरीचं घेतलं, जे तिला पाठ नव्हतं. एका पानाला इतका वेळ लागला की चहा थंड झाला. पण ते पान तिनं वाचलं, ताई. पाठ म्हटलं नाही, वाचलं.

परवा ती पुन्हा आली. बकरीचं पुस्तक घेऊन सोनूजवळ बसली. 'झुडूप'वर अडली. सोनू म्हणाली, "झुडूप." ओवी म्हणाली, "झुडूप," आणि पुढे गेली. पुढच्या पानावर सोनू अडली, ओवीनं सांगितलं. पंचफुलाबाई बाजूला बसून दोघींना बघत होती.

हेडसर एकदा डोकावून गेले. नंतर म्हणाले, "मोठी पोरं लहान्यांना वाचून दाखवतील, असं करता येईल का आपल्याले?" चौथीतल्या ऋतिकला अजून वाचता येत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. यादी बदलली. पहिल्या स्तराच्या तीन-तीन प्रती मागवल्या आहेत आणि त्या चौथीच्या वर्गातही ठेवणार आहोत. जाड पुस्तकं थोडी घेतली, कपाटासाठी.

तुम्हाला एक सांगायचं आहे. मी शिक्षिका आहे, पण ओवीचं मला पुरतं समजत नाही. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यात ती अजून घोटाळते, थकते. हा आळस नाही, पाठांतराची सवयही नाही. पुण्यात यातले जाणकार असतात, त्यांना दाखवा. उशीर झालेला नाही.

तुमची,
वर्षाली


पुणे
१५ डिसेंबर २०२४

प्रिय वर्षाली,

बाबांच्या फोनचं तुला कळलंच असेल. मी उचलला तर म्हणाले, "तू माह्यापासून लपवलं काऊन?" मी रडायला लागले तर त्यांनी कपाशीचं सुरू केलं. मला बरं वाटलं.

ओवीला दाखवलं. तपासण्या झाल्या. तिला अक्षरं वाचण्यातलीच अडचण आहे. बुद्धी उत्तम, पण वाचन तिला कायम इतरांपेक्षा कष्टाचं जाणार. आठवड्यातून तीनदा एका बाईंकडे जाते. त्या म्हणाल्या, कोणी सांगितलं तुम्हाला ओळीखाली पट्टी धरायला? मी तुझं नाव सांगितलं. मला त्या दिवशी फार वाईटही वाटलं. दोन वर्षं आधी येता आलं असतं. ते मी आता धरून बसत नाही, बसायला वेळही नाही.

ऑफिसात नव्या संचाची बैठक झाली. मुखपृष्ठावर स्तराचा आकडा मोठा छापायचा असं ठरत होतं, शाळांना सोयीचं म्हणून. मी म्हटलं, आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातल्या पुस्तकावर मोठा '१' छापलेला असेल तर ती ते पिशवीबाहेर काढणार नाही. कुणीतरी विचारलं, हे कशावरून? मी म्हटलं, माझ्या मुलीवरून. आकडा आता मागच्या बाजूला, कोपऱ्यात, शिक्षकांना दिसेल एवढाच जाणार आहे. आणि मोठ्या मुलांसाठी सोप्या ओळींची पण मोठ्या मुलांच्या गोष्टींची पुस्तकं करायची, असं मी मांडलंय. बघू.

काल संध्याकाळी मी दूध तापत ठेवलं होतं. ओवी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशेजारी खाली बसली. हातात पुस्तक होतं. आमचं नव्हतं, त्या बाईंनी दिलेलं. मला काही न सांगता वाचायला लागली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, माझ्यासमोर. मी दूध तसंच सोडलं. मग खाली तिच्याजवळ बसले.

एका शब्दावर ती थांबली. मला तो दिसत होता, माझ्या तोंडावरच आला होता. तिनं पुस्तकावरून डोळे न उचलता माझ्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नको, आई. येतोय."

आम्ही तशाच बसलो. तिचे ओठ हलत होते. पहिलं अक्षर लागलं, सुटलं, पुन्हा लागलं. दूध उतू गेलं, ते मला वासावरून कळलं. मी उठले नाही.

"चिखल," ती म्हणाली. आणि पान उलटलं.

तुझी,
सुरभीताई